पुण्याच्या बंडकडून शांघायच्या बंडकडे

शांघायला जायचे ठरले तेव्हा मी सवयीप्रमाणे वही काढली आणि पहिल्या पानावर पाहण्यासारख्या ठिकाणांची यादी करायला बसले. पूर्वी त्या शहरात दोन वर्षे नोकरी केलेल्या भाचीने फोनवर ती सगळी यादी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, “मावशी, ही ठिकाणे कुठे पळून जात नाहीत. तू आधी मला सांग, तिथे उतरल्यावर पहिल्या चहाचे पैसे कसे देणार आहेस?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. यादीचे पान मी फाडले नाही, पण वही उलटी करून मागच्या बाजूने नवी सुरुवात केली, आणि पुढचे दोन महिने आम्हा नवरा-बायकोची तयारी त्या मागच्या पानांवरच झाली.

पहिली गोष्ट व्हिसाची. चीनने अनेक देशांच्या नागरिकांना काही दिवस व्हिसाशिवाय मुक्काम करून पुढे जाण्याची सवलत दिली आहे, आणि आंतरजालावरची निम्मी माहिती त्याच सवलतीबद्दल असते. परंतु त्या यादीत भारत नाही, त्यामुळे आपल्याला रीतसर पर्यटक व्हिसा काढावाच लागतो. त्यासाठी जाण्यायेण्याची तिकिटे, हॉटेलची नोंदणी आणि दिवसवार कार्यक्रम असे कागद जोडून आम्ही मुंबईच्या केंद्रात अर्ज केला. २०२० मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहेत, मात्र आम्हाला सोयीच्या तारखांना ती जुळेनात, म्हणून मुंबईहून बँकॉक आणि तिथे विमान बदलून शांघाय असा मार्ग घेतला.

दुसरी आणि खरी महत्त्वाची गोष्ट फोनची. शांघायमध्ये भाजीवाल्यापासून मोठ्या दुकानापर्यंत सगळे व्यवहार अलीपे किंवा वीचॅट या दोन अ‍ॅपवर चालतात. आपल्या यूपीआयची सवय असलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही; फरक इतकाच की आपले यूपीआय तिथे चालत नाही. अलीपेमध्ये परदेशी बँकेचे व्हिसा किंवा मास्टरकार्डचे कार्ड जोडता येते, त्यासाठी पासपोर्टचा फोटो चढवून ओळख पटवावी लागते, आणि २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर वेगळे शुल्क पडत नाही, त्यापुढच्या व्यवहारावर तीन टक्के पडते. हे सगळे घरी बसून करायचे काम आहे. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशातील वापर मुद्दाम सुरू करावा लागतो, ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, म्हणून तो क्रमांक तिथे चालू असावा लागतो, आणि यांपैकी एक कडी निसटली तर परक्या शहरात दुकानदारासमोर उभे राहून ती सांधता येत नाही. गूगल, व्हॉट्सअ‍ॅप आणि आपले नेहमीचे नकाशे तिथल्या इंटरनेटवर उघडत नाहीत. भारतीय सिमचे रोमिंग घेतले तर ते चालतात, कारण त्या फोनची सगळी वाहतूक आपल्याच कंपनीच्या जाळ्यातून जाते. हॉटेलच्या वायफायला जोडले की मात्र सगळे पुन्हा गप्प. भाचीच्या सांगण्यावरून तिथला अमॅप हा नकाशा उतरवून घेतला आणि हॉटेलचे नाव-पत्ता चिनी लिपीत एका कार्डावर छापून दोघांच्या पाकिटात ठेवला.

महिना ठरवताना फार विचार करावा लागला नाही. १ ऑक्टोबरपासूनच्या आठवडाभराच्या राष्ट्रीय सुट्टीत सारा देशच घराबाहेर पडतो, चिनी नववर्षाच्या आणि मे महिन्याच्या सुरुवातीच्या सुट्टीतही तेच. जून-जुलैत तिथे ‘आलुबुखाऱ्याचा पाऊस’ या गोड नावाची चिकचिक असते. उरले एप्रिल आणि नोव्हेंबर. आम्ही नोव्हेंबर घेतला.

शांघायच का, असे अनेकांनी विचारले. मराठी माणसाला चीन म्हटले की सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. परंतु त्यांचे काम झाले ते उत्तरेकडच्या हपै प्रांतात, शांघायशी त्याचा संबंध नाही. मला ओढ होती ती एका शब्दाची. शांघायच्या नदीकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला इंग्रज ‘बंड’ म्हणत, आणि हा शब्द चिनी नाही. तो फारसीतून हिंदुस्तानीत आलेला ‘बंद’, म्हणजे आपला बांध, जो भारतातून निघालेल्या इंग्रजांनी पूर्वेकडच्या बंदरांपर्यंत नेला. पुण्यातले बंड गार्डन ज्या बंधाऱ्यावरून ओळखले जाते तोच हा बंड. त्या बंधाऱ्यासाठी मोठी देणगी देणारे सर जमशेटजी जीजीभॉय यांनी आपली संपत्ती चीनच्या व्यापारात मिळवली होती, हे मला फार उशिरा कळले, आणि कळल्यापासून त्या शब्दाचे दुसरे टोक पाहावेसे वाटत होते.

पहिला दिवस, शुक्रवार

पुडोंग विमानतळावर बोटांचे ठसे आणि पासपोर्टवरचा शिक्का हे सगळे अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले. घड्याळ अडीच तास पुढे केले. एवढ्या रुंद देशात सगळीकडे एकच वेळ आहे. विमानतळापासून शहराच्या अलीकडच्या लोंगयांग रोड स्थानकापर्यंत ३० किलोमीटर अंतर चुंबकीय शक्तीवर तरंगत जाणारी मॅग्लेव्ह गाडी जाते. पूर्वी ती ताशी ४३० किलोमीटरपर्यंत जात असे, २०२१ पासून वेग ३०० वर ठेवला आहे. पन्नास युआनचे तिकीट, म्हणजे आपले सुमारे सहाशे रुपये, आठ मिनिटांसाठी. डब्याच्या दारावरच्या पट्टीत वेगाचा आकडा चढताना दिसतो आणि समोरून येणारी गाडी शेजारून जाते तेव्हा दणका बसल्यासारखा आवाज होतो. यजमानांचे मत पडले की पैसे फुकट गेले, कारण तिथून पुढे मेट्रो घ्यावीच लागते आणि मेट्रोची दोन क्रमांकाची मार्गिका विमानतळावरूनच सुटते. हिशेबाने ते बरोबर आहेत. पण एकदा बसावे.

शांघायची मेट्रो १९९३ मध्ये सुरू झाली आणि आज तिचे जाळे आठशे किलोमीटरहून लांब आहे. नवख्या माणसासाठी ती टॅक्सीपेक्षा सोपी, कारण स्थानकांची नावे इंग्रजी लिपीतही असतात, बाहेर पडण्याच्या दारांना क्रमांक असतात आणि भाडे तीन युआनपासून सुरू होते. अलीपेमध्येच शहराचा प्रवास-कोड चालू करता येतो. तो दाराशी दाखवायचा, उतरताना पुन्हा दाखवायचा. प्रत्येक स्थानकात सामानाची तपासणी मात्र असतेच, आणि आमच्या पिशवीतला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पडद्यावर गोळ्यांच्या राशीसारखा दिसत असावा, कारण तपासनीस बाईंनी तो उघडायला लावला, एक लाडू प्रकाशात धरून पाहिला आणि हसून परत ठेवला.

हॉटेल नानजिंग रोडच्या मागच्या गल्लीत होते. परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे करायची नोंद हॉटेलच करते. कुणाच्या घरी उतरणाऱ्यांना मात्र चोवीस तासांच्या आत स्वतः जाऊन ती करावी लागते. आपल्या तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या भिंतीत बसत नाही, हे मी वहीत लिहिले होते आणि जोडणीचा प्लग पुण्याला टेबलावर विसरले होते. तो खाली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला. भाचीने ज्याची एवढी धास्ती घातली होती तो पहिला व्यवहार चहाचा न होता या प्लगचा झाला: दुकानदाराने यंत्र पुढे केले, मी फोनवरचा कोड धरला, टिंग असा आवाज झाला. मी उगाचच “झाले?” असे मराठीत विचारले आणि त्याने मान डोलावली.

रात्री बंडवर गेलो. अलीकडे दगडी बँका आणि कचेऱ्यांची जुनी ओळ, मध्ये हुआंगपू नदी, आणि पलीकडे दिव्यांनी लखलखणारे पुडोंग. एप्रिल १९९० मध्ये पुडोंगच्या विकासाची घोषणा झाली तेव्हा तिथे मुख्यतः शेते, गोदामे आणि कारखाने होते. ४६८ मीटरचा ओरिएंटल पर्ल मनोरा १९९४ मध्ये उभा राहिला आणि त्यानंतर एकापेक्षा एक उंच अशा तीन इमारती आल्या. गर्दी इतकी होती की आम्ही पाहिले ते बहुतेक इतरांनी वर धरलेल्या फोनच्या पडद्यांतून.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी सहाला पुन्हा तिथेच गेलो, आणि ज्यांना बंड पाहायचा असेल त्यांनी याच वेळी जावे असे माझे स्पष्ट मत आहे. दिवे नाहीत, गर्दी नाही. काही वृद्ध मंडळी ताय-ची करत होती आणि एक गृहस्थ पतंगाचा मांजा सोडत उभे होते. जुन्या इमारती सकाळच्या उजेडात एकेक करून वाचता येतात. घुमट असलेली १९२३ ची बँक, शेजारी घड्याळाच्या मनोऱ्याचे १९२७ चे सीमाशुल्क भवन, आणि नानजिंग रोडच्या कोपऱ्यावर हिरव्या तांब्याच्या टोकदार छपराची एक इमारत. हे १९२९ मध्ये बांधलेले ससून हाऊस, म्हणजे आजचे पीस हॉटेल.

पुण्याच्या माणसाला या नावापाशी थांबावेच लागते. बगदादहून १८३२ च्या सुमारास मुंबईला आलेले डेव्हिड ससून पुण्यात वारले आणि त्यांची समाधी तिथल्या लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या सिनेगॉगच्या (प्रार्थनास्थळाच्या), आवारात आहे. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८६७ पासून आपण ससून म्हणूनच ओळखतो. त्यांचे पुत्र एलियास १८४४ मध्ये चीनला गेले आणि एलियास यांचे नातू व्हिक्टर यांनी, मुंबईच्या कापड गिरण्यांत वाढलेले भांडवल शांघायकडे वळवून, ही इमारत बांधली. या पैशाचा मोठा भाग अफूचा होता. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. ती थोपवण्याच्या चीनच्या प्रयत्नातून १८३९ चे युद्ध झाले, १८४२ च्या तहाने पाच बंदरे उघडावी लागली, आणि त्यांतले एक शांघाय. आपल्याकडे रुग्णालये, बंधारे, ग्रंथालये झाली, ती आपण कृतज्ञतेने वापरतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच खतावणीचे दुसरे पान या किनाऱ्यावर उघडते. मी हॉटेलच्या आत जाऊन रंगीत काचांच्या घुमटाखाली थोडा वेळ उभी राहिले. दारवानाने अडवले नाही.

बंडच्या उत्तर टोकाला एक छोटी बाग आहे. १८६८ मध्ये ती उघडली तेव्हापासून १९२८ पर्यंत चिनी लोकांना तीत प्रवेश नव्हता. आता तिथे आजोबा नातवंडांना फिरवतात.

दुपारी पीपल्स पार्कमध्ये गेलो ते केवळ सावलीसाठी, आणि तिथेच तीन तास गेले. शनिवार-रविवारी या बागेत लग्नाचा बाजार भरतो. वाटेच्या दोन्ही कडांना उघड्या छत्र्या जमिनीवर आडव्या ठेवलेल्या, प्रत्येक छत्रीवर चिमट्याने लावलेला एक कागद, आणि छत्रीमागे घडीच्या स्टुलावर बसलेली आई किंवा बाबा. मुलगा-मुलगी कुठेच नाहीत. फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने मी एक कागद वाचला: मुलगी, जन्म १९९३, उंची १.६४ मीटर, पदव्युत्तर शिक्षण, परदेशी कंपनीत हिशेबनीस, शांघायची नोंदणीकृत रहिवासी, स्वतःच्या नावावर सदनिका. अपेक्षा, मुलगा उंचीने १.७५ पेक्षा कमी नसावा, घर असावे. कागदात फोटो नव्हता आणि पत्रिकेच्या जागी जन्मवर्षाचा प्राणी होता, कोंबडा. आपल्या वधू-वर मेळाव्यांत माईकवरून जे सांगितले जाते तेच इथे छत्रीवर लिहिलेले होते, फक्त गोत्राच्या जागी रहिवासाची नोंद. छत्रीमागच्या बाईंनी मला खुणेने विचारले, मुलगा आहे का? मला मुलगी आहे असे मी सांगितले आणि तिचे लग्न झाले आहे अशी खूण केली. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला पूर्ण ओळखीची होती. आमच्या मुलीचे जमले तेव्हा मावसबहिणीने माझ्याकडे असेच पाहिले होते. इथे लोकांचे कागद जवळून छायाचित्रात घेणे बरे नव्हे, काही पालकांना ते आवडत नाही. आम्ही फोन खिशात ठेवला.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी युयुआन उद्यान. मिंग काळातले अधिकारी फान युनदुआन यांनी १५५९ मध्ये आपल्या वडिलांसाठी ते बांधायला घेतले. बाहेरच्या तळ्यावरचा पूल नऊ वेळा वळतो; दुष्ट आत्म्यांना वळता येत नाही, ते सरळच जातात, असे म्हणतात. आत भिंतीच्या माथ्यावरून सरपटत जाणारा मातीच्या खवल्यांचा ड्रॅगन आणि भोकाभोकांचा एक उंच दगड फार जपलेला आहे. खाली उदबत्ती लावली तर प्रत्येक भोकातून धूर निघेल, अशी त्या दगडाची ख्याती आहे. उद्यानाबाहेरचा बाजार मात्र जुना दिसतो तेवढा जुना नाही आणि भाव पर्यटकांचे आहेत.

याच बाजारात माझा फोन बंद पडला. सकाळपासून नकाशा, भाषांतर, पैसे, तिकिटे, सगळे त्याच्यावर. अकरालाच बॅटरी संपली. यजमानांच्या फोनवर अलीपे टाकायचे मी ‘नंतर करू’ म्हणून ठेवले होते. जवळ शंभर युआनच्या पाच नोटा होत्या. नोट घ्यावीच लागते असा तिथला नियम आहे, पण दहा युआनच्या गरम पावासाठी शंभराची नोट पुढे केल्यावर विक्रेत्या मुलीने खणाखाली वाकून, मग शेजारच्या दुकानात जाऊन, अखेर स्वतःच्या पर्समधून सुटे काढले, तेव्हा आम्हालाच शरमल्यासारखे झाले. दुकानादुकानांत भाड्याच्या पॉवर बँकांचे खोके असतात. पण त्यातली पॉवर बँक घ्यायलाही चालू फोनवर कोड स्कॅन करावा लागतो, हे त्या दिवशी कळले. म्हणून वहीत जाड अक्षरांत लिहिले: दोन्ही फोनवर सर्व अ‍ॅप, स्वतःची पॉवर बँक, आणि वीस-वीसच्या नोटा.

तो पाव मात्र उत्तम होता. वाफवलेला, आत मशरूम आणि हिरव्या पाल्याचे सारण, आणि माथ्यावर मोदकाला पाडतो तशा पाकळ्या.

शाकाहाराबद्दल इथेच सांगते. ‘वो छृ सू’, म्हणजे मी शाकाहारी आहे, एवढे वाक्य पाठ करावे. पण त्यावर विसंबू नये. भाजीवर खिम्याची चिमूट किंवा टोफूच्या रश्श्यात डुकराचे मांस हा अनेक आचाऱ्यांच्या लेखी मांसाहार नसतो, त्यामुळे मांस नको, मासे नको, अंडे चालत नसेल तर तेही नको, असे चिनीत लिहिलेले कार्ड दाखवणे बरे. खात्रीचे जेवण बौद्ध उपाहारगृहांत मिळते. नानजिंग पश्चिम मार्गावरचे गोंगदलिन १९२२ पासून चालू आहे. तिथे कांदा-लसूणही नाही, म्हणजे चातुर्मासातही चालावे. आमच्यासमोर तपकिरी, चकचकीत सालीचे, व्यवस्थित काप केलेले ‘बदक’ आले तेव्हा यजमानांनी ताट मागे सारले. ते सोयाबीनच्या दुधावरच्या सायीच्या घड्या घालून केलेले होते. आयुष्यात कधी बदक न खाल्लेल्या माणसाला ते बदकासारखे दिसते म्हणून खाता येईना, आणि मला त्यात आळूवडीची आठवण आली म्हणून मी दोघांचेही संपवले.

संध्याकाळी जेड या मौल्यवान दगडाच्या बुद्धाचे मंदिर. ब्रह्मदेशातून आणलेल्या दोन मूर्तींसाठी १८८२ मध्ये ते स्थापन झाले. मुख्य सभामंडपाचे चिनी नाव ‘महावीर’ या विशेषणाचे भाषांतर आहे. तिथे ते बुद्धाला लावतात. हा अख्खा मंडप गर्दीला जागा व्हावी म्हणून २०१७ मध्ये मूर्तींसह सुमारे तीस मीटर मागे सरकवला. जिथे तो पूर्वी उभा होता तिथे आता उघडे अंगण आहे आणि लोक उदबत्त्यांचा जुडगा कपाळाशी धरून चारही दिशांना वाकतात.

चौथा दिवस, सोमवार

सुझोऊ शांघायपासून जलद गाडीने अर्ध्या तासावर आहे. तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघते, कागद मिळत नाही, आणि चिनी ओळखपत्र वाचणाऱ्या स्वयंचलित फाटकांऐवजी आपल्याला कडेच्या, माणूस बसलेल्या फाटकातून पासपोर्ट दाखवून जावे लागते. त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा. स्थानकावर उकळत्या पाण्याचा नळ असतो. त्याला ‘खायश्वेइ’ म्हणतात, आणि प्रत्येक प्रवासी आपला थर्मास तिथे भरतो. थंड पाण्याची बाटली मागणाऱ्याकडे तिथे काळजीने पाहतात. आमच्याकडे चहाची पुडकी होती, तेव्हा चहाचा प्रश्न कायमचा सुटला.

माझ्या नियोजनातली सर्वांत मोठी चूक या दिवशी उघडी पडली. वास्तुशिल्पी आय. एम. पेई यांनी बांधलेले सुझोऊचे संग्रहालय सोमवारी बंद असते. दोन महिने वही लिहिणाऱ्या बाईने वार पाहिला नव्हता. यजमान काही बोलले नाहीत, हे अधिक लागले.

शेजारचे झुओझेंग उद्यान मात्र उघडे होते, आणि वेळ उरल्यामुळे ते घाईत पाहावे लागले नाही. १५०९ मध्ये, राजकारणातून बाजूला झालेल्या एका अधिकाऱ्याने ते बांधायला घेतले. ‘साध्या माणसाचा कारभार’ असा काहीसा त्याच्या नावाचा अर्थ होतो, बागकाम हाच आता माझा कारभार, या सुरात. चिनी उद्यानात फुलझाडांचे ताटवे शोधू नयेत. तिथे पाणी, दगड, भिंती आणि भिंतींना पाडलेल्या खिडक्या असतात, आणि प्रत्येक खिडकीतून वेगळे चित्र दिसते. एका जागी उभे राहिले की तळ्याच्या लांब पट्ट्याच्या टोकाला, झाडांच्या मधोमध, एक उंच पॅगोडा दिसतो. तो बागेतच आहे असे वाटते; प्रत्यक्षात तो बाहेर, बराच दूर असलेल्या मंदिराचा आहे. याला ते ‘उसने घेतलेले दृश्य’ म्हणतात. बाग बांधणाऱ्याने पॅगोडा बांधला नाही, मधली झाडे तेवढी मोकळी ठेवली. त्या जागी फोटोसाठी रांग होती; फोटो काढून झाल्यावर आम्ही बाजूच्या दगडी बाकावर बसून राहिलो.

दुपारी कालव्याकाठच्या फिंगजियांग रस्त्यावर एका दुकानात भरतकाम पाहिले. पारदर्शक रेशमी कापडावर मांजर, आणि कापड उलटे केले तरी मांजरच; गाठ कुठेही नाही. संस्कृतात रेशमाला ‘चीनांशुक’ म्हणत ते उगाच नव्हे. एका धाग्याचे सोळा पदर सुटे करून त्यातला एकच सुईत ओवतात, असे भरणाऱ्या बाईंनी बोटांवर मोजून दाखवले.

पाचवा दिवस, मंगळवार

या दिवसासाठी वहीचे पान कोरे होते आणि तो सर्वांत चांगला गेला. जुन्या फ्रेंच वस्तीत, म्हणजे १८४९ ते १९४३ या काळात फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या भागात, दिवसभर नुसते चाललो. रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी प्लेन वृक्षांच्या कमानी आहेत आणि शरदात निवडक रस्त्यांवरची पाने नगरपालिका मुद्दाम झाडत नाही, लोकांना ती तुडवत चालता यावे म्हणून. वुकांग रस्त्याच्या टोकाला जहाजाच्या नाळेसारखी १९२४ ची इमारत आहे, लास्लो हुदेक या वास्तुशिल्पीची. तिच्या समोरच्या पदपथावर फोटो काढणाऱ्यांची एवढी दाटी होती की आम्ही रस्ता ओलांडून इमारतीच्याच कमानीखाली गेलो, जिथून ती दिसत नव्हती पण सावली होती.

नानछांग आणि माओमिंग रस्त्यांच्या कोपऱ्यावर रवींद्रनाथ टागोरांचा अर्धपुतळा आहे. १९२४ मध्ये ते शांघायला आले होते, आणि पुतळ्याचे अनावरण २०१० मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केले. जळगावच्या बाईंनी बंगाली कवीचा पुतळा चिनी चौकात उघडला, हे तिथे उभे राहून वाचताना बरे वाटले.

तिथून उत्तरेला शान्शी रस्त्यावर ओहेल राहेल हे सिनेगॉग आहे, १९२० चे. आत सहसा सोडत नाहीत. फाटकातून वेलींनी झाकलेली विटांची भिंत दिसते. एलियास यांचे पुत्र जेकब ससून यांनी ते पत्नी राहेल हिच्या स्मरणार्थ बांधले. मुंबईच्या फोर्टमधले निळे सिनेगॉग त्यांनीच वडिलांसाठी बांधलेले. ‘ओहेल’ म्हणजे तंबू. पुण्यातल्या लाल देवळाचे खरे नाव ओहेल डेव्हिड. यजमानांनी फाटकाच्या गजांतून एक फोटो काढला, तो नीट आला नाही.

सहावा दिवस, बुधवार

विमान रात्रीचे होते. ६३२ मीटरच्या शांघाय टॉवरच्या ११८ व्या मजल्यावर जायचे यादीत होते, पण आकाश मळकट होते आणि वर जाऊन धुकेच पाहायचे तर तिकीट कशाला, म्हणून बेत रद्द केला. त्याऐवजी नदी ओलांडणारी साधी फेरीबोट घेतली. दोन युआन. पर्यटकांच्या सजवलेल्या नौका शंभरच्या पुढे घेतात. ही बोट स्कूटरवाल्यांची आहे. दार उघडले की पन्नासेक विजेच्या स्कूटर एकदम आत घुसतात, स्वार खाली उतरत नाहीत, कुणी पाव खातो, कुणी फोन पाहतो, आणि दहा मिनिटांत पलीकडे.

बोट पाण्याला लागून चालते, म्हणून जुना किनारा खालून दिसतो. पाच दिवस ज्याच्या माथ्यावरून आम्ही फिरत होतो तो रुंद पदपथ खालून पाहिला तर काँक्रीटची उंच, सलग भिंत होती, पुराचे पाणी शहरात शिरू नये म्हणून बांधलेली. ससून हाऊसचे हिरवे टोक तिच्यावरून जेमतेम डोकावत होते. चिनी लोक या जागेला ‘वायथान’, बाहेरचा किनारा, असे म्हणतात. बंड हे नाव त्यांच्या तोंडी नाही.

“हा तर खरोखरच बांध आहे की,” यजमान म्हणाले.

तेवढ्यात बोट धक्क्याला लागली, मागच्या स्कूटरने भोंगा वाजवला आणि आम्ही घाईने बाजूला झालो.